पाटीवरचा वेग आणि हातातला वेग

अमरावतीहून अकोल्याला जाणारी एस.टी. आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. बडनेरा, मूर्तिजापूर करीत ती जाते. अंतर सुमारे १०० किलोमीटर. याच मार्गावर लोणी ते माना या भागात २०२२ च्या जून महिन्यात ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला. त्याची जागतिक विक्रमात नोंद झाली. रस्ता असा चांगला. मग गाडी किती वेगानं जाते?

समजा, गाडी सकाळी ८ वाजता निघाली आणि साडेदहाला पोचली. अडीच तासांत १०० किलोमीटर. म्हणजे तासाला ४० किलोमीटर. वाटेत कुठे काटा ७० वर गेलाही असेल. पण थांबे आले, फाटक आलं, गर्दी आली. आपल्या पदरात पडला तो ४० चाच वेग. तोच खरा वेग.

फोनच्या बिनतारी जाळ्याचंही असंच आहे. पाटीवर एक आकडा असतो, आपल्या हातात दुसराच येतो.

हा वेग मोजायचा कसा? आधी माप समजून घेऊ. फोनवर येणारा फोटो, गाणं, चिठ्ठी ही सारी बारीक खुणांची बनलेली असतात. अशा एका खुणेला बिट म्हणतात. दहा लाख बिट म्हणजे एक मेगाबिट. एका सेकंदात किती मेगाबिट आले, तो जाळ्याचा वेग.

इथे एक गफलत होते. कंपनी वेग सांगते मेगाबिटमध्ये. फोन फोटोचं वजन दाखवतो मेगाबाइटमध्ये. ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट. कापसाचा भाव क्विंटलचा आणि वजन किलोचं असलं, तर आपण आधी दोन्ही एका मापात आणतो. तसंच इथे करावं.

उदाहरण घेऊ. ३० मेगाबाइटचा व्हिडिओ उतरवायला ६० सेकंद लागले. ३० ला ८ नं गुणा. झाले २४० मेगाबिट. त्याला ६० नं भागा. उत्तर आलं ४. म्हणजे दर सेकंदाला ४ मेगाबिट. सरकारनं २०२३ साली ठरवलं आहे, की ब्रॉडबँड म्हणवणाऱ्या जोडणीचा उतरता वेग किमान २ मेगाबिट असावा. आपलं उत्तर या मापाशी ताडून पाहता येतं.

उतरता वेग वेगळा आणि चढता वेग वेगळा. व्हिडिओ पाहतो तेव्हा माल आपल्याकडे उतरतो. ई-पीक पाहणीसाठी शेतातून पिकाचा फोटो पाठवतो, तेव्हा माल वर चढतो. फोटो २ मेगाबाइटचा, म्हणजे १६ मेगाबिटचा असेल आणि चढता वेग १ मेगाबिट असेल, तर १६ सेकंद लागतील. वेग पाव मेगाबिट असेल, तर एक मिनिटाहून जास्त. म्हणून दोन्ही वेग मोजावेत.

कोणी म्हणेल, “पण भाऊ, फोनात दांड्या तर पुऱ्या दिसतात. मंग फोटो काऊन जात नाही?”

दांड्या एवढंच सांगतात, की मनोऱ्याचा आवाज आपल्यापर्यंत किती जोरानं येतो. तिथे रांग किती आहे, हे त्या सांगत नाहीत. विहिरीला पाणी भरपूर आहे, पण दोर एकच आहे. वीस जणी घागरी घेऊन उभ्या असल्या, तर प्रत्येकीला थांबावंच लागतं. वाय-फायचंही तसंच. एका पट्ट्यावर एका वेळी एकच यंत्र बोलतं, बाकीची थांबतात. शिवाय माल पोचल्याची पोच द्यावी लागते. त्यातही वेळ जातो. म्हणून वाय-फायच्या डब्यावर ३०० लिहिलेलं असलं, तरी हातात निम्मं किंवा त्याहून कमीच येतं. जाड भिंत, टिनाचं छप्पर आणि डोंगर लहरींना अडवतात, हे आणखी वेगळं.

भारतनेट योजनेत ग्रामपंचायतीपर्यंत १०० मेगाबिटची जोडणी नेण्याचं ठरलं. ती पुरी आली आणि वीस जण एकाच वेळी बसले, तर एकाच्या वाट्याला सरासरी ५ येतील.

मेळघाटात धारणी तालुक्यात हरिसाल गाव आहे. २०१६ साली ते ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजलं. शाळा, दवाखाना आणि सरकारी कामं जाळ्यानं जोडावी, असा बेत होता. अशा डोंगराळ भागात दूरच्या डॉक्टरला रोगी दाखवायचा असला, तर शहरातला आकडा काय कामाचा? दवाखान्याच्या खोलीत त्या घटकेला किती वेग येतो, तोच महत्त्वाचा.

तेव्हा मोजणी अशी करावी. जिथे काम करायचं, तिथेच मोजावं. सकाळी, दुपारी आणि रात्री, असं तीन वेळा मोजावं. एकदा मोजून निकाल देऊ नये. मोजताना फोनमधली बाकीची कामं बंद ठेवावीत. दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्राय. त्यांचं ‘मायस्पीड’ हे ॲप आहे. ते दोन्ही वेग दाखवतं. मोजण्यातही डेटा खर्च होतो, म्हणून दिवसभर मोजत बसू नये.

घरी वाय-फाय असेल तर एकदा डब्याजवळ उभं राहून मोजावं आणि एकदा आतल्या खोलीत. डब्याजवळ वेग चांगला आणि आत कमी आला, तर दोष भिंतीचा. डबा हलवून पाहावा. डब्याजवळही कमी आला, तर बाहेरून येणाऱ्या जोडणीची चौकशी करावी.

तारीख, वेळ, जागा आणि वेग एका वहीत लिहून ठेवावा. मोबाइलचं जाळं नेहमीच मंद असेल, तर १९८ या क्रमांकावर कंपनीकडे तक्रार करावी. तक्रारीचा क्रमांक त्याच वहीत टिपून घ्यावा. दाद लागली नाही, तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं.

“नेटवर्क चालत नाही जी,” असं नुसतं म्हटलं, तर समोरचा म्हणतो, “पाहतो.” पण वही उघडून आपण सांगितलं, की अमुक तारखेला, शेतात, सकाळी १० वाजता चढता वेग पाव मेगाबिट होता, तर त्याला उत्तर द्यावं लागतं. आता आपल्याला लिहिता येतं आणि भागाकारही येतो. पैसे आपण पुरे मोजून देतो. माल पुरा आला की नाही, तेही आपणच मोजून घेऊ या.