ट्रकचे इंजिन बदलताना

यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणाऱ्या शकुंतला रेल्वेचे वाफेचे इंजिन १९९४ मध्ये निवृत्त झाले आणि त्या जागी डिझेलचे इंजिन आले. रेल्वेचे इंजिन ही एक स्वतंत्र गाडीच असते. एक सोडायचे, दुसरे जोडायचे. ट्रकचे इंजिन मात्र ट्रकच्या पोटात असते. ते कसे बदलतात हे आम्ही काही शिक्षकांबरोबर पांढरकवड्याजवळच्या एका गॅरेजात, मे महिन्यातल्या उन्हात पाहिले. ट्रक जुना, पुढे नाक असलेला, पाण्याचा टँकर केलेला. इंजिन जाम झाल्यापासून दोन गावांचे पाणी थांबले होते, त्यामुळे मालकाच्या चकरा चालू होत्या.

मिस्त्रींनी प्रथम हात घातला तो इंजिनाला नव्हे, मडगार्डांना. आम्हांला हे थोडे उलटे वाटले. पण नाकवाल्या ट्रकात पुढची जाळी, रेडिएटर आणि दोन्ही मडगार्ड एकमेकांना बोल्टांनी बांधलेले असतात. ते तसेच ठेवले तर इंजिन जाळीच्या वरून, म्हणजे माणसाच्या छातीहून उंच उचलून काढावे लागेल. ते काढले की इंजिन थोडेसे उचलून सरळ पुढच्या बाजूने बाहेर येऊ शकते. शिवाय खालचे बोल्ट दिसतात आणि माणसाला इंजिनाला लागून उभे राहता येते.

मडगार्डांचे बोल्ट सुटता सुटत नव्हते. चाकांनी उडवलेला चिखल वर्षानुवर्षे तिथे बसतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो, त्यामुळे नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये तो पाचरीसारखा आवळून बसतो. मिस्त्रींनी आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवले होते. तरीही जे हलले नाहीत, त्यांच्या नटावर, आजूबाजूचे डिझेल नीट पुसून, गॅसची ज्योत धरली.

इथे आम्ही सोबतच्या एका विद्यार्थ्याला विचारले, नट तापला की त्याचे भोक लहान होईल की मोठे? “लहान,” तो म्हणाला. धातू फुगून आत सरकेल, असा त्याचा तर्क. बरेच जण असेच सांगतात. प्रत्यक्षात भोकाच्या कडेची प्रत्येक लांबी वाढते, म्हणून भोकही मोठे होते. त्या भोकात त्याच धातूची चकती असती तर ती जेवढी वाढली असती तेवढेच. लोखंडाची लांबी दर अंशाला सुमारे दहा लाखांत १२ भाग वाढते. १२ मिलिमीटरचे भोक २०० अंशांनी तापले तर वाढ ०.०३ मिलिमीटरच्या आसपास. केसाहूनही कमी! पण बोल्ट अजून तेवढा तापलेला नसतो आणि गंजाची पकड मोडायला एवढी फट पुरते. पाना लावताच ‘कट्’ असा आवाज आला.

आता उचलण्याचे काम. तीन पायांची लोखंडी घोडी, तिच्या माथ्याला साखळीची कुप्पी. समजा, कुप्पीची हातसाखळी ४० मीटर ओढल्यावर भार १ मीटर चढतो. मग ४५० किलोच्या इंजिनाला घर्षण नसते तर ११ किलोच्या आसपास ओढ पुरली असती. घर्षणामुळे त्याच्या दीडपट-दुप्पट लागते. हे तर पुस्तकात असतेच. पुढचे मात्र पुस्तकात सापडत नाही.

इंजिन वर टांगले आहे, ट्रक खाली आहे. इंजिन बाहेर कसे काढायचे? आमच्यातल्या एकाने ते ढकलायला हात पुढे केला तेव्हा मिस्त्री ओरडले, “सर, त्याले हात लावू नका!” त्यांच्या स्वतःच्या डाव्या हाताचे करंगळीचे पेर अशाच एका इंजिनाने नेले आहे.

हिशेब करून पाहू या. हुकापासून इंजिन २ मीटर खाली लोंबते असे धरा. ते ४० सेंटिमीटर बाजूला नेऊन धरायचे तर साधारण ४५० × ०.४ ÷ २, म्हणजे ९० किलोभार एवढा आडवा जोर लागेल. तेवढाच आडवा जोर घोडीच्या माथ्यावर येईल. तीन पायांवर उभी असलेली घोडी त्या जोराने कलंडू शकते. हात सुटला तर इंजिन झोका घेते. त्याच्या पूर्ण झोक्याला तीन सेकंदांच्या आतबाहेर वेळ लागतो, दिसायला अगदी संथ. पण ४५० किलोचा तो लोलक आणि चासीचा गर्डर यांच्या मध्ये बोट सापडले तर दया नाही.

म्हणून इंजिन हलवतच नाहीत, ट्रक हलवतात. इंजिन गुरुत्वमध्याच्या बरोबर वर धरलेल्या हुकाला निश्चल टांगलेले असते आणि चौघे जण ट्रक मागे ढकलतात. टाकी रिकामी, चाकांत हवा पुरती, खाली घट्ट मुरूम. चार टन वजनाच्या दोन शतांश एवढाच विरोध धरला तर ८० किलोभार. प्रत्येकाच्या वाट्याला २०. हेच काम आषाढात काळ्या मातीवर करायचे ठरले असते तर चौघांना ट्रक जागचा हलवता आला नसता. घोडीच्या पायांना खाली साखळीने एकमेकांशी बांधले होते, कारण भार आला की पाय बाहेर पसरू पाहतात.

नवे इंजिन बसवताना हेच उलट्या क्रमाने. पण एक जास्तीची अडचण असते. गिअरबॉक्समधून पुढे आलेला दातेरी दांडा क्लचप्लेटच्या दातांत शिरून फ्लायव्हीलच्या मध्यातल्या बेअरिंगमध्ये टेकला पाहिजे. त्यासाठी क्लचप्लेट आधीच जुन्या दांड्याच्या तुकड्याने मध्यावर आणून कसलेली होती. शेवटचा बोटभर अंतर उरले तेव्हा मदतनीस पोऱ्याला बोल्ट आवळून इंजिन ओढून घेण्याचा मोह झाला. मिस्त्रींनी थांबवले. दाते जुळलेले नसताना बोल्ट आवळला तर सगळा ताण क्लचप्लेटच्या मधल्या भागावर येतो, किंवा घराचा ओतीव कान तडकतो. त्यांनी फ्लायव्हील पहारीने किंचित फिरवले, कुप्पीची साखळी दोन कड्या सोडली, आणि ट्रक आपणहून पुढे येऊन भिडला.

संध्याकाळी डिझेलच्या नळीतली हवा हातपंपाने काढली. हवा दाबली जाते, त्यामुळे ती आत राहिली तर पंपाचा दाब फवाऱ्यापर्यंत पोचत नाही. बुडबुडे संपल्यावर इंजिन तिसऱ्या फेरीत सुरू झाले. नव्या इंजिनाचा क्रमांक परिवहन कार्यालयात नोंदवायचा म्हणून मालकांनी तो कागदावर उतरवून घेतला. मडगार्ड सकाळी नव्या बोल्टांवर बसले आणि टँकर दुपारी भरून गेला. जुने, गंजलेले नट-बोल्ट आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेसाठी मागून आणले.