वल्हं घेताना आधी खांदा पाहा
आठवडाभर कीबोर्डवर आखडलेले माझे खांदे रविवारी गोव्याच्या समुद्रात वल्हं मारतात. म्हणून स्टँड अप पॅडलिंगसाठी, म्हणजे बोर्डवर उभं राहून वल्हवण्यासाठी, नवं वल्हं घेताना मी आधी खांद्याचा विचार केला.

मोठं पातं एका फटक्यात जास्त पाणी ढकलतं, पण तो भार खांदाच सोसतो. मी लहान पातं घेतलं. फटके वाढले, ताण घटला.

संथ पाण्यात आपल्या उंचीपेक्षा वीतभर लांब वल्हं सोयीचं. लाटांवर गुडघे वाकलेले असतात, तिथे त्याहून आखूड. फॉइलिंगला बरेच जण डोक्याइतकंच ठेवतात.

कार्बनचं हलकं पण महाग, ॲल्युमिनियमचं स्वस्त पण जड. घरातले सगळे वापरणार असतील, तर लांबी बदलता येणारं घ्या. काटकसर बोर्डात करा. वल्हं तासाभरात शेकडो वेळा उचलायचं असतं.