पाणी आहे, पण तहान भागत नाही

काकडीची चकती मिठाच्या पाण्यात ठेवून पाहा. तासाभरात ती लुळी पडेल. तिच्यातील पाणी बाहेर गेलेले असते. खाऱ्या पाण्यावर वाढणाऱ्या भाज्यांचेही असेच आहे. मातीतील क्षारांमुळे मुळांना पाणी ओढून घेणे जड जाते. ओल असूनही रोप खुरटते, पानांच्या कडा करपतात. घेवडा, गाजर, कांदा या बाबतीत नाजूक. बीट मात्र घेवड्याच्या सुमारे चौपट खारेपणा उत्पन्न न घटता सोसते.

अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात अनेक विहिरींचे पाणी खारट आहे. पाण्याची वाफ होते, क्षार मातीतच राहतात. म्हणून प्रत्येक पाळीबरोबर धोका वाढतो. मग सांगा, विहिरीला पाणी लागले, एवढ्याने शेतकऱ्याची चिंता मिटेल का? आधी पाणी तपासावे, मगच पीक निवडावे.