धूर एकाचा, खोकला दुसऱ्याचा

सार्वजनिक ठिकाणी विडी-सिगारेट ओढण्यास बंदी असावी काय, असा विषय निघाला की आपल्याकडे दोन तट पडतात. एक म्हणतो, "स्वतःच्या पैशाने ओढतो, तुमचे काय जाते?" दुसरा म्हणतो, "व्यसन वाईटच, सरसकट बंद करा." मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. प्रश्न ओढणाऱ्याच्या वागणुकीचा नसून शेजारी बसलेल्याच्या फुप्फुसांचा आहे.

विडीचा धूर दोन वाटांनी हवेत येतो. एक, ओढणारा तोंडावाटे सोडतो तो. दुसरा, दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात पेटत्या टोकातून निघतो तो. बंद खोलीत साचणाऱ्या धुरात मोठा वाटा या दुसऱ्याचा असतो. तंबाखूच्या धुरात हजारो रासायनिक द्रव्ये असून त्यांतील सुमारे ७० कर्करोगास कारण ठरतात. जपानचे डॉ. हिरायामा यांनी १९८१ साली दाखवून दिले की, स्वतः कधीही न ओढणाऱ्या पण नवरा भरपूर ओढतो अशा स्त्रियांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक आहेत. हृदयविकार, लहान मुलांचा दमा, न्यूमोनिया व कानाची दुखणी यांचाही या धुराशी संबंध सिद्ध झाला आहे. जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे दुसऱ्याच्या धुराने दगावतात.

म्हणूनच जुना खोकला घेऊन आलेल्या रुग्णाला मी "विडी ओढता का?" एवढेच विचारून थांबत नाही. "शेजारी कोण ओढते?" हेही विचारतो. आमच्या कुपवाडला औद्योगिक वसाहत आहे. विडीला कधी हात न लावलेला कामगार सांगतो, "स्टोअरच्या खोलीत साहेब ओढतात. त्यांना काय म्हणायचं?" चहाच्या हॉटेलात कपबशा उचलणारा पोरगा तर दिवसभर त्याच धुरात असतो. गिऱ्हाईक नको वाटल्यास उठून जाते. त्याला जाता येत नाही. बंदी हवी ती अशा माणसांसाठी.

आणि ही बंदी आता नवी राहिलेली नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्यात, सहप्रवाशाने हरकत घेतल्यास डब्यात ओढू नये, अशी तरतूद होती; म्हणजे वाईटपणा घ्यायचा तो प्रवाशानेच! पुढे मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी दवाखाने, शाळा, ग्रंथालये, सार्वजनिक वाहने अशा ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. २००३ साली केंद्राचा कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सुधारित नियम लागू झाले. त्यांनुसार कारखाने, कचेऱ्या, उपाहारगृहे, चित्रपटगृहे, बसस्थानके ही सर्व सार्वजनिक ठिकाणेच होत. मोडणाऱ्यास २०० रुपयांपर्यंत दंड आहे. मालकाने ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक लावायचा, त्यावर तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव लिहायचे आणि रक्षापात्र, काडेपेटी ठेवायची नाही. तक्रारीकडे काणाडोळा केल्यास मालकालाही दंड होतो. स्टोअरमधल्या त्या कामगाराला साहेबाच्या तोंडावर बोलण्याची गरज पडू नये, यासाठीच फलकावरचे ते नाव आहे. ते कोरे ठेवले तर फलक नुसता भिंतीची शोभा.

यावर एक हरकत नेहमी येते. "कारखान्याचा, ट्रकचा धूर चालतो आणि आमची विडीच दिसते होय?" तो धूरही रोखलाच पाहिजे, यात वाद नाही. पण तो आहे म्हणून चार भिंतींत नाकाशेजारी आणखी एक सोडावा, हे तर्कशास्त्र कसले? भट्टीच्या धुळीने आधीच थकलेल्या फुप्फुसांना तो अधिकच जड जातो. दुसरी हरकत पानपट्टीवाल्याच्या आणि विडी वळणाऱ्या बायांच्या पोटाची. ती गंभीर आहे. मात्र हा कायदा दुकान बंद करा म्हणत नाही. धूर आत नको, एवढेच म्हणतो.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ शंभरात जेमतेम चार आहेत. तंबाखू खाणारे मात्र सुमारे चोवीस; त्याविषयी स्वतंत्र लिहावे लागेल. चौघांचा धूर उरलेल्यांनी का घ्यावा?

कायद्याचा हात घराच्या उंबऱ्याशी थांबतो. तिथे आपणच नियम करायचा. खिडकी उघडली, पंखा लावला म्हणजे धूर गेला असे होत नाही. त्याचे विष खोलीत राहतेच. घरात तान्हे मूल किंवा गरोदर सून असेल तर विडी घराबाहेर, आणि जमल्यास कायमची बाहेर. सोडायची इच्छा असणाऱ्यांनी १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय दूरध्वनीवर सल्ला घ्यावा किंवा आपल्या डॉक्टरांशी बोलावे. पहिल्या प्रयत्नात सुटली नाही म्हणून खचू नये; अनेकांना दोन-चारदा प्रयत्न करावे लागतात.

बाकीच्यांनी भांडण न करता बोलावे. "मामा, जरा बाहेर ओढा की, पोराला दमा आहे," असे नीट सांगितले तर बहुतेक माणसे उठतात. न उठणाऱ्यांसाठी कायदा आहेच.