तिसऱ्या दिवसाची कुदळ

परक्या देशात स्वयंसेवक शिक्षक म्हणून गेल्यावर तिथे रुळायचं म्हणजे नेमकं काय करायचं, असं मागच्या व्याख्यानानंतर तिघा-चौघांनी विचारलं होतं. विचारणाऱ्यांपैकी दोघांची निवृत्ती जवळ आलेली दिसते. तेव्हा आज त्याबद्दल बोलू. परवाना, मच्छरदाणी, गोळ्या या गोष्टी वगळतो. त्या निघण्याआधी सगळेच सांगतात.

आम्ही दोघं निवृत्तीनंतर एक वर्ष टांझानियात होतो. इरिंगा भागातलं उंचावरचं गाव, जून-जुलैत स्वेटर लागेल अशी थंडी, आणि एक सरकारी माध्यमिक शाळा. आमच्यापैकी एकीने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं, दुसऱ्याने कॉलेजात तत्त्वज्ञान. गावाला गणित हवं होतं. तत्त्वज्ञानाची मागणी नव्हती; ती तशी कुठेच नसते. त्यामुळे आमच्यातला दुसरा इंग्रजीचे तास घ्यायचा आणि गणिताच्या वह्या तपासायचा.

स्वाहिलीत एक म्हण आहे. तिचा अर्थ असा : पाहुणा दोन दिवस पाहुणा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी १९६२ सालच्या आपल्या पुस्तिकेत ही म्हण वापरली आहे. ते स्वतः मुळात शिक्षक. लोक त्यांना शेवटपर्यंत ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, म्हणत. आता आपली म्हण आठवा. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी राहणाऱ्या पाहुण्याची अक्कल काढतात. म्हणजे आपण म्हणतो, आता निघा. ते म्हणतात, आता कामाला लागा. रुळणं म्हणजे काय, याचं उत्तर आमच्या मते या दोन म्हणींच्या मधल्या फटीत आहे.

पहिले दोन दिवस फार गोड असतात. आमचे ते दोन दिवस जवळजवळ तीन महिने चालले. स्वाहिली कानाला ओळखीची वाटत होती. दुनिया म्हणजे दुनियाच, हिशेब म्हणजे ‘हेसाबू’, टेबल म्हणजे ‘मेझा’, आपलं मेज. पुस्तक म्हणजे ‘किताबू’, मात्र अनेक पुस्तकं झाली की ‘व्हिताबू’! शब्द मूळ अरबी, पण त्यातला ‘कि’ त्यांच्या एकवचनी नामांना लागणाऱ्या ‘कि’सारखाच दिसतो. म्हणून अनेकवचनात तो बदलून टाकला. परका शब्द आपल्या व्याकरणात असा बसवून घ्यायचा असतो. माणसाचंही तसं करता आलं तर बघा.

नमस्कारही ओळखीचा निघाला. लहानाने मोठ्याला ‘शिकामू’ म्हणायचं, म्हणजे मुळात ‘पाय धरतो’. मोठ्याने ‘मराहाबा’ म्हणून ते स्वीकारायचं. पहिल्या सकाळी आम्ही नम्रपणे वर्गातल्या मुलांनाच ‘शिकामू’ म्हणालो. साठी उलटलेली माणसं चौदा वर्षांच्या पोरांचे पाय धरताहेत म्हटल्यावर वर्ग बाकांवर लोळला.

वेळेचंही तेच. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. शिक्षकांची बैठक ‘सा तातू’ला, म्हणजे तीनला, असं सांगितलं होतं. आम्ही दुपारी तीनला पोचलो, बैठक सकाळी नऊला आटोपली होती. गंमत अशी, की आपलेही प्रहर आणि घटका सूर्योदयापासूनच मोजत. आमच्या आजोबांना कदाचित ही चूक झाली नसती.

या सगळ्या ओळखीच्या खुणांनी आमची एक मोठी फसगत केली. आम्हाला वाटलं, आपण रुळलो.

टांझानियात सरकारी शाळांत प्राथमिक शिक्षण स्वाहिलीतून होतं. माध्यमिकला, म्हणजे फॉर्म वनला, मुलं आली की गणित-विज्ञानासह जवळपास सगळे विषय इंग्रजीतून. गावातल्या कितीतरी मुलांची घरची भाषा किहेहे. म्हणजे इंग्रजी ही तिसरी. २०१६ पासून फॉर्म फोरपर्यंत सरकारी शाळांची फी रद्द झाली, ते योग्यच झालं. पण वर्ग तुडुंब भरले. अशा वर्गात आमचं इंग्रजी सफाईदार म्हणून आमचं कौतुक व्हायचं. आम्ही खूष. मुलं गप्प. आम्ही ती शिस्त समजत होतो.

चाचणीत बहुतेक सगळे नापास झाले. वह्या बघताना लक्षात आलं, नुसती आकडेमोड बरोबर आहे, पण जिथे प्रश्न वाक्यात आहे तिथे पान कोरं. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर त्रिकोण काढला आणि विचारलं, हे काय? शांतता. मग मागून एक मुलगी हळूच म्हणाली, ‘पेंबेतातू’. पेंबे म्हणजे कोन, तातू म्हणजे तीन. अहो, त्रिकोणच की! तिला त्रिकोण येत होता. इतके दिवस आम्ही तिला ‘ट्रँगल’ विचारत होतो.

हे आम्हाला सांगायला परदेशी जाण्याची गरज नव्हती, हे जास्त लाजिरवाणं. आम्ही दोघंही मराठी शाळेतून कॉलेजात गेलो. पहिलं वर्ष मागच्या बाकावर तोंड शिवून काढलं. तेच आम्ही पुढच्या मुलांवर लादलं, आणि वर दाद घेतली.

मग तिथल्या गणिताच्या शिक्षकाबरोबर एक वही केली. डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये स्वाहिली, उजवीकडे आकृती. मिळवणे ‘कुजुम्लिशा’, भागणे ‘कुगावान्या’, असं. वही त्याची, आम्ही फक्त विचारायचो. हे काम तो आधीपासून तोंडी करत होता, ते आम्हाला दिसलं नव्हतं.

आता थोडं तत्त्वज्ञान. एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाका इथे इव्हान इलिच यांनी अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांपुढे भाषण केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. आम्ही हे शिकवताना वर्गात अनेकदा मांडलं होतं. तिथे गेल्यावर वाटलं, इलिच अर्धे बरोबर आहेत. सदिच्छेने आलेला माणूस काय नासवतो, हे त्यांना अचूक दिसलं. पण नुसतं बघणारा कायम पाहुणाच राहतो, आणि पाहुण्याचा खर्च यजमानच करतो. आम्हाला रोज दहाच्या सुट्टीत चहा मिळायचा. त्याचे पैसे शिक्षक वर्गणी काढून देत, हे दोन महिन्यांनी कळलं.

कुदळ चौथ्या महिन्यात मिळाली. तिथे प्रत्येक आठवड्याला एक ‘म्वालिमू वा झामू’ असतो, पाळीचा शिक्षक. सकाळी सातच्या आत हजर राहायचं, झाडलोट बघायची, रांगा लावायच्या, उशिरा येणाऱ्यांना शिक्षा करायची. त्या यादीत आमचं नाव लागलं, तेव्हा आम्हाला खरोखर भरून आलं.

पण त्या पाळीबरोबर छडीही येते. टांझानियात शाळेतली छडी कायद्याला मान्य आहे. आम्ही ती घेणार नाही म्हटलं. मुख्याध्यापकांनी शांतपणे मान डोलावली. आमच्या आठवड्यात उशिरा येणाऱ्यांची संख्या सोमवारपासून शुक्रवारपर्यंत वाढत गेली. काही मुलं रोज तासभर चालत यायची, त्यांचा उशीर समजण्यासारखा होता. बाकीच्यांनी आम्हाला ओळखलं होतं. पुढचा सोमवार त्या गणिताच्या शिक्षकाचा. त्या दिवशी त्याने नेहमीपेक्षा जास्त मुलांना मारलं.

आम्ही छडी घेतली नाही, याचा आजही पश्चात्ताप नाही. पण आमचे हात स्वच्छ राहिले ते त्याच्या हातांच्या जिवावर, हेही खरं. पाहुणा असतो तर हा प्रश्न आलाच नसता. घरचे असतो तर शिक्षकांच्या खोलीत वर्षानुवर्षं वाद घालून काही बदलता आलं असतं. आम्ही मधले होतो. आमच्याकडे मत होतं आणि परतीचं तिकीट होतं. आम्ही शेवटी एवढंच केलं : आमच्या पाळीत उशिरा येणाऱ्यांबरोबर स्वतः उभं राहून मधल्या सुट्टीत झाडांना पाणी घालायचं. थोडा फरक पडला. फार नाही.

डिसेंबरात तिथलं शालेय वर्ष संपतं. निघण्याच्या आदल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत पुढच्या वर्षीची पाळीची यादी लागली होती. आमच्या जागी त्याच गणिताच्या शिक्षकाचं नाव, म्हणजे त्याला आता दुप्पट पाळ्या. आम्ही त्याला म्हटलं, आमच्यामुळे तुमचं काम वाढलं. तो वहीत उजवीकडे एक आकृती काढत होता. मान वर न करता म्हणाला, “निदान त्या आठवड्यात तरी मुलं वेळेवर येतील.”