विदेशी वस्तू घरी आणताना : किमतीचा खरा हिशेब

सुटीच्या दिवसांत शिर्डीच्या वाहनतळावर एक दृश्य हमखास दिसते. मुंबईच्या विमानतळावरून निघालेली मोटार गावी पोहोचण्यापूर्वी साईबाबांच्या दर्शनासाठी येथे थांबलेली असते आणि तिच्या टपावर दोरीने आवळलेली पुठ्ठ्याची खोकी असतात. मुलगा आखातातून अथवा अमेरिकेतून आलेला असतो. कोणाच्या खोक्यात दूरचित्रवाणी संच असतो, कोणाच्या मिक्सर, तर कोणाच्या सूक्ष्मलहरी भट्टी, म्हणजेच मायक्रोवेव्ह ओव्हन. आईवडिलांना काही द्यावे, या मायेपोटी परक्या देशातील कमाई या खोक्यांत गुंतलेली असते.

अलीकडच्या वर्षांत ही वाट पुष्कळच सुकर झाली आहे. कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे उभारलेला शिर्डी विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस उपलब्ध झाला. मुंबई व साईनगर शिर्डी यांना जोडणारी वंदे भारत गाडी फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. राहाता, कोपरगाव, संगमनेर या भागांतील कुटुंबांना परदेश आता पूर्वीइतका दूर राहिलेला नाही.

वस्तू आणणे सोपे झाले, हे खरे. परंतु ती आणणे शहाणपणाचे आहे काय, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर परक्या देशातील दुकानाच्या किंमतपट्टीवर मिळत नाही. ती वस्तू आपल्या घरातील विजेच्या खटक्याला जोडून काही वर्षे चालविल्यानंतर जो एकूण खर्च येतो, तीच तिची खरी किंमत होय.

एके काळचे शहाणपण

परदेशातून उपकरणे आणण्याची प्रथा उगीच पडलेली नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७३ नंतर खनिज तेलाच्या किमती वाढल्या, आखाती देशांत बांधकामे व उद्योग उभे राहिले आणि महाराष्ट्रातूनही कामगार व तंत्रज्ञ तिकडे गेले. देशात रंगीत प्रक्षेपण १५ ऑगस्ट १९८२ रोजी सुरू झाले. त्या काळी देशी उत्पादन थोडे, आयातीवर बंधने कडक आणि खरेदीदार अनेक, अशी परिस्थिती होती. त्यामुळे आखातातून आलेला रंगीत संच म्हणजे घराची प्रतिष्ठाच मानली जाई.

पुढे चित्र पालटले. १९८० च्या दशकात औरंगाबादजवळील (आताचे छत्रपती संभाजीनगर) चितेगाव येथे व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला. १९९१ नंतर उद्योगांवरील परवान्यांची बंधने सैल झाली. अहिल्यानगर–पुणे मार्गावरील रांजणगाव औद्योगिक वसाहतीत एलजी कंपनीचा कारखाना २००४ मध्ये सुरू झाला. व्हर्लपूल व हायर यांचेही कारखाने तेथे आहेत. ज्या नावाच्या फ्रिजसाठी एकेकाळी दुबईच्या बाजारात जावे लागे, त्या नावाचे फ्रिज आज शिर्डीपासून काही तासांच्या अंतरावर तयार होतात. परिस्थिती बदलली, जुनी सवय मात्र अनेक घरांत कायम राहिली.

सीमाशुल्काचा हिशेब

परदेशातून येणारा प्रवासी ज्या विमानतळावर प्रथम भारतात उतरतो, तेथेच सर्वसाधारणतः त्याला सीमाशुल्क तपासणीतून जावे लागते. पुढे तो देशांतर्गत विमानाने शिर्डीस आला, रेल्वेने आला किंवा मोटारीने आला, तरी हिशेब मुंबई, दिल्ली किंवा हैदराबाद येथेच पूर्ण झालेला असतो. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम ७७ नुसार आपल्या सामानाची माहिती देणे हे प्रवाशाचे कर्तव्य आहे. शुल्क भरण्याजोगे सामान असल्यास लाल मार्गाने आणि नसल्यास हिरव्या मार्गाने जावयाचे असते. शुल्कपात्र वस्तू घेऊन हिरव्या मार्गाने निघाल्यास वस्तू जप्त होऊ शकते आणि दंडही होऊ शकतो.

प्रवाशाला काही मर्यादेपर्यंत वस्तू शुल्काविना आणता येतात. २०१६ च्या नियमांनी बहुतेक देशांतून परतणाऱ्या भारतीय प्रवाशासाठी ही मर्यादा ५० हजार रुपये ठरविली होती. फेब्रुवारी २०२६ मध्ये लागू झालेल्या नियमांनी ती ७५ हजार रुपये केली. याशिवाय अठरा वर्षांवरील प्रवाशास एक लॅपटॉप शुल्काविना आणण्याची सवलत दीर्घकाळ चालत आली आहे. हे आकडे अर्थसंकल्पागणिक बदलू शकतात; म्हणून प्रवासापूर्वी सीमाशुल्क विभागाची अधिकृत माहिती पाहणे इष्ट.

दूरचित्रवाणी संचाची गोष्ट मात्र निराळी आहे. सपाट पडद्याचे संच २६ ऑगस्ट २०१३ पासून या शुल्कमुक्त मर्यादेतून वगळण्यात आले, म्हणजे संचाच्या पहिल्या रुपयापासून शुल्क लागू झाले. २०१८ च्या अर्थसंकल्पानंतर अशा सामानावरील शुल्क ३५ टक्के आणि त्या रकमेवर १० टक्के अधिभार, असे एकूण ३८.५ टक्के झाले. या दराने ४० हजार रुपयांच्या संचावर १५ हजार ४०० रुपये शुल्क होते आणि संच ५५ हजार ४०० रुपयांना पडतो. विमान कंपनीचे जादा सामानाचे भाडे आणि वाटेत पडदा फुटण्याची जोखीम यांचा यात समावेश नाही.

किमतींची तुलना करतानाही सावध राहावे. भारतात वेष्टनावरील कमाल किंमत सर्व करांसह छापलेली असते. अमेरिकेतील दुकानात मात्र किंमतपट्टीवर विक्रीकर बहुधा धरलेला नसतो. तो पैसे देताना वाढतो आणि राज्याराज्यांत वेगळा असतो. इकडे देशात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठे दूरचित्रवाणी संच, वातानुकूलन यंत्रे व भांडी धुण्याची यंत्रे यांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हा दोन-तीन वर्षांपूर्वी केलेला हिशेब आज लागू पडेलच असे नाही.

दीर्घकाळ परदेशात राहून कायमचे परतणाऱ्यांसाठी वास्तव्याच्या कालावधीनुसार स्वतंत्र सवलती असतात. अशा कुटुंबाने वापरलेल्या वस्तूंची यादी व खरेदीच्या पावत्या निघण्यापूर्वीच तयार ठेवाव्यात.

शिर्डीतील निवासगृहांच्या चालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. प्रवासी सामानाची सवलत स्वतःच्या वापरासाठी व भेटीदाखल आणलेल्या वस्तूंपुरतीच असते. खोल्यांसाठी पुतण्याकरवी संच मागविणे ही व्यापारी आयात ठरते आणि तिला वेगळे नियम लागू होतात.

विजेचे गणित

शुल्क भरून वस्तू घरी आली, तरी खरी परीक्षा पुढेच असते. आपल्याकडे घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट दाबाचा असून तिची वारंवारिता ५० हर्ट्‌झ आहे, म्हणजे प्रवाहाची दर सेकंदाला ५० आवर्तने होतात. संयुक्त अरब अमिरातीत हे आकडे आपल्यासारखेच आहेत. अमेरिकेत मात्र दाब १२० व्होल्ट व आवर्तने ६० आहेत. जपानमध्ये दाब १०० व्होल्ट असून देशाच्या पूर्व भागात ५०, तर पश्चिम भागात ६० आवर्तने असतात.

उष्णता देणाऱ्या उपकरणात दाब दुप्पट झाला, तर विजेचा वापर चौपट होतो. अमेरिकेतील १२० व्होल्टची, १,००० वॉटची इस्त्री आपल्या २३० व्होल्टला जोडली, तर ती क्षणभर सुमारे ३,७०० वॉट वीज ओढू पाहते. तिची तार जळते. प्रसंगी घरातील वायरिंगही धोक्यात येते. चपट्या पिनांवर दुसरी खुंटी बसविली म्हणजे काम झाले, असे अनेकांना वाटते. परंतु खुंटी केवळ आकार बदलते, दाब बदलत नाही.

दाब कमी करण्यासाठी रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, मिळते. ते उपकरणाच्या क्षमतेहून दीडपट तरी मोठे घ्यावे लागते. ते जड असते, महाग असते आणि खटका चालू राहिल्यास उपकरण बंद असतानाही थोडी वीज खाते. शिवाय रोहित्राने दाब उतरतो, पण आवर्तने ५० च राहतात. आवर्तनांवर चालणारे अमेरिकेतील विजेचे घड्याळ आपल्याकडे तासाभरात केवळ ५० मिनिटे पुढे सरकते. ६० आवर्तनांसाठी बनविलेल्या साध्या मोटारीची गतीही त्याच प्रमाणात मंदावते आणि ती अधिक तापते. जुन्या पद्धतीचे रोहित्र असलेल्या सूक्ष्मलहरी भट्टीचीही हीच अडचण होते.

गावाकडील वीजपुरवठ्याचाही विचार करावयास हवा. नियमानुसार दाबातील चढउतार सहा टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे २१६ ते २४४ व्होल्ट असावयास हवा. परंतु वाहिनीच्या टोकावरील वस्तीत कृषिपंप सुरू असताना तो याहून खाली जातो, हा ग्रामीण भागाचा अनुभव आहे. भारतीय बाजारासाठी बनविलेली अनेक उपकरणे असा चढउतार सोसण्याच्या दृष्टीने तयार केलेली असतात. स्थिर पुरवठ्याच्या देशासाठी बनविलेल्या उपकरणाकडून ती अपेक्षा धरता येत नाही.

संच चालतो, पण उपयोग होतो का?

१९८० च्या दशकात एक कोडे अनेकांना पडे. दुबईहून आणलेला संच येथे उत्तम चाले. अमेरिकेहून आणलेल्या संचावर मात्र चित्र नीट उमटत नसे. कारण साधे होते. भारत व अमिरातीत ‘पाल’ ही ६२५ रेषांची प्रक्षेपणपद्धती होती, तर अमेरिका व जपानमध्ये ५२५ रेषांची ‘एनटीएससी’ पद्धती होती. आज केबल अथवा उपग्रह सेवेची पेटी संचाला तारेने जोडली जात असल्यामुळे ही अडचण बरीच कमी झाली आहे. तरीही संच १२० व्होल्टपुरताच मर्यादित नाही ना, हे मागील पट्टीवर पाहावेच लागते.

भ्रमणध्वनीचीही तशीच गत आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ (२०२२) व त्यानंतरच्या संचांत सिमकार्ड घालण्याची खाचच नाही. गावातील वडिलांना जुने कार्ड काढून नव्या फोनमध्ये घालता येईल, अशी अपेक्षा असेल, तर ती फोल ठरते.

हमी, सुटे भाग आणि दुरुस्ती

घरगुती उपकरण हे दहा-बारा वर्षांचे सोबती असते. या काळात त्याला कधी ना कधी दुरुस्ती लागणारच. अनेक मोठ्या उपकरणांची हमी ज्या देशात खरेदी झाली, त्या देशापुरतीच असते. नाव तेच असले, तरी नमुना क्रमांक भिन्न असतो आणि राहाता किंवा कोपरगाव येथील सेवा केंद्राकडे त्या नमुन्याचा सुटा भाग नसतो. एका छोट्या पट्टीसाठी संपूर्ण धुलाई यंत्र अडगळीत पडते.

स्थानिक खरेदीचे हे सर्वात मोठे बळ आहे. पावती हाती असते, दुकानदार ओळखीचा असतो आणि तक्रार असल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. विजेची बचत दर्शविणाऱ्या ताऱ्यांची पट्टी येथील मापदंडांनुसार असते, त्यामुळे दोन फ्रिजांची तुलना करता येते. परदेशातील पट्टीवरून आपल्या बिलाचा अंदाज बांधणे कठीण असते.

काय आणावे, काय येथे घ्यावे?

या सर्व विवेचनाचे सार थोडक्यात असे सांगता येईल. लॅपटॉप, कॅमेरा, हातघड्याळ, श्रवणयंत्र यांसारख्या लहान व व्यक्तिगत वस्तू आणण्यास हरकत नाही. मात्र त्यांच्या विद्युतजोडणीवर ‘१०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ’ असा मजकूर आहे ना, हे पाहून घ्यावे. ज्या वस्तूत मोटार आहे, ज्यात तापणारी तार आहे, जी भिंतीवर बसवावी लागते अथवा जिच्यासाठी कारागीर घरी बोलवावा लागतो, ती येथेच घ्यावी. मिक्सर, फ्रिज, धुलाई यंत्र, वातानुकूलन यंत्र, इस्त्री आणि पाणी तापविण्याचा बंब ही सर्व या दुसऱ्या वर्गातील होत.

खरेदीपूर्वी उपकरणाच्या मागील पट्टीचे छायाचित्र गावच्या कारागिरास पाठवून त्याचे मत घ्यावे. पावती जपून ठेवावी. वस्तू शुल्कपात्र असल्यास ती मोकळेपणाने जाहीर करावी. घोषित केलेली वस्तू शुल्क भरून सोडवून घेण्याऐवजी, परत जाताना सोबत नेण्यासाठी सीमाशुल्क विभागाच्या ताब्यात ठेवण्याची सोयही अधिनियमाच्या कलम ८० मध्ये आहे.

परदेशात राबणाऱ्या मुलाची कमाई कष्टाची असते. ती शुल्कात, रोहित्रात आणि बंद पडलेल्या यंत्रात अडकून पडावी, असे कोणत्याच आईवडिलांना वाटणार नाही. तीच रक्कम घरी पाठवून राहात्याच्या किंवा कोपरगावच्या दुकानातून, पावती व हमीसह, आईच्या पसंतीचा मिक्सर घेता येतो. मग शिर्डीत दर्शनासाठी थांबणाऱ्या मोटारीच्या टपावर खोकी नसली, तरी भेटीची माया तसूभरही उणी होणार नाही. दिलेली वस्तू मात्र वर्षानुवर्षे चालत राहील.