हृदयविकाराचे भाकीत आणि मृत्यूचा दाखला

भारतातील एकूण मृत्यूंत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा वाटा १९९० साली १५.२ टक्के होता. २०१६ मध्ये तो २८.१ टक्क्यांवर गेला. पुढील वीस वर्षांत कोणत्या राज्यात असे किती मृत्यू होतील, हे वर्तविता आले तर रुग्णालये, डॉक्टर व निधी यांचे नियोजन करता येते. मात्र देशाच्या सरासरीची रेषा प्रत्येक राज्यासाठी पुढे ओढणे चुकीचे ठरते. केरळात वृद्धांचे प्रमाण मोठे असल्याने प्रत्येक वयोगटातील मृत्युदर घटला, तरी एकूण मृत्यू वाढू शकतात. म्हणून राज्यवार, वयोगटवार दर काढून त्यांना भावी लोकसंख्येची, तसेच तंबाखू, रक्तदाब व मधुमेह यांच्या बदलत्या प्रमाणाची जोड द्यावी लागते.

हे गणित संगणक करतो. खरी अडचण त्याला पुरवावयाच्या आकड्यांची आहे. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी अवघ्या २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते. जेथे दाखला मिळतो, तेथेही पुष्कळदा ‘हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू’ एवढेच लिहिलेले असते. हृदयक्रिया तर शेवटी प्रत्येकाचीच बंद पडते! अशा शेऱ्यामुळे क्षयाचा रुग्णही रक्ताभिसरणाच्या विकारांत मोजला जाऊ शकतो, आणि घरीच झटका येऊन गेलेल्या शेतकऱ्याची नोंद ‘वार्धक्य’ अशी होते. पुढचे भाकीत यावरच उभे राहते.

रुग्णालयाने भरावयाच्या नमुना ४ मध्ये तात्कालिक कारणाखाली मूळ आजारासाठी स्वतंत्र जागा आहे. रात्रपाळीच्या घाईत नेमकी तीच कोरी राहते.